पदरी पडला, पवित्र झाला

अभिनंदन! चौदा इंची, सुटसुटीत, परवडणारा 'बिझनेस' लॅपटॉप घेतलात. ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,४८०. बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर टाकून घेतलाय ना? मग त्या ६,४८० रुपयांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्याच्या करातून वजा होतो ते) ही या यंत्राकडून तुम्हाला झालेली पहिली रोख कमाई समजा, आणि बहुधा शेवटचीही. इथून पुढचं सगळं प्रेमाच्या खात्यात जमा होणार आहे. ते प्रेम टिकवायचं कसं, एवढंच सांगतो. नौपाड्यात बसून मी लोकांचे हिशेब लिहितो आणि तीन वर्षं असाच एक लॅपटॉप पाठीवर टाकून ठाणे-वाशी लाइनवर हिंडतोय. तेव्हा अधिकार आहे.

खोक्यावर 'बॅटरी दहा तासांपर्यंत' असं छापलेलं असतं. त्यातल्या 'पर्यंत'वर रागवू नका. ठाण्यापर्यंत जाणारी गाडी मुलुंडच्या सिग्नललाही थांबतेच की! बॅटरी ४१ वॉट-अवरची. ती दहा तास पुरवायची तर यंत्राने चारच वॉट खायला हवेत. म्हणजे उजेड मंद, वायफाय बंद आणि तुम्ही समोर हात जोडून. टॅली, वीस टॅब आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडलंत की भूक बारा वॉटवर जाते आणि साडेतीन तासांच्या आतच लाल खूण दिसते. म्हणून रबाळ्याच्या कारखान्यात गेलात की साहेबांनी दाखवलेल्या सोफ्यावर बसू नका. थेट कोपऱ्यातल्या प्लगपाशी, स्टुलावर बसा. लोक म्हणतात, माणूस किती साधा आहे.

चार्जर न्यायला विसरलात तर यंत्राच्या कडेला टाइप-सीचं भोक आहे. त्यात मोबाइलचा चार्जर हुबेहूब बसतो. होत काहीच नाही, कारण ते भोक फक्त डेटासाठी आहे. पण लावून बघा, दहा मिनिटं मनाला उभारी येते.

पडद्याचं म्हणाल तर तो १३६६ बाय ७६८चा आहे, टीएन जातीचा. समोरून पाहिलंत तर चित्र, जरा कलून पाहिलंत तर फोटोची निगेटिव्ह. याला गोपनीयता म्हणायचं. गाडीत शेजारच्या काकांना तुमच्या पक्षकाराचा नफा दिसत नाही. खिडकीची जागा मिळून ऐरोलीपाशी ऊन आलं की तो तुम्हालाही दिसत नाही, म्हणजे व्यवहार बरोबरीचा झाला.

आता कीबोर्ड. इथे जरा थांबतो, कारण हिशेबनीसाचा जीव कीबोर्डात असतो. चौदा इंचात उजवीकडचे आकडे मावत नाहीत, ते काढून टाकलेले असतात. आकडे नसलेला बिझनेस लॅपटॉप म्हणजे तबला नसलेलं भजन. मग वेगळं नंबरपॅड घ्यायचं. ते यूएसबीला लागतं. यूएसबीची दोन भोकं एकमेकांना इतकी चिकटून की एकात डिजिटल सहीचं जाडजूड टोकन घातलं की दुसऱ्यात टाचणीही जात नाही. मग हब घ्यायचा. हबमध्ये माऊस, नंबरपॅड, टोकन असा सगळा गोतावळा लटकवला की तुमचं 'सुटसुटीत' यंत्र घाटावर नेलेल्या वरातीसारखं दिसू लागतं.

आणि पॉवरचं बटण! ते डिलीटच्या अगदी शेजारी, त्याच मापाचं, त्याच रंगाचं बसवलेलं असतं. याचा लाभ कसा घ्यावा ते ऐका. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीच्या मासिक ३बी विवरणपत्राची शेवटची तारीख. संध्याकाळी सव्वासात. पक्षकार प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे ओटीपीवर भागत नाही, डिजिटल सहीच लागते. शेठ खुर्चीमागे उभे. सगळा मजकूर भरून झाला होता, एक जास्तीचं शून्य खोडायचं होतं. मी डिलीट दाबलं. पडदा काळा झाला.

"साहेब, झालं का?" शेठ म्हणाले.

"होतंय," मी म्हणालो. अशा वेळी भविष्यकाळ वापरू नये, चालू वर्तमानकाळच बरा.

यंत्र जागं झालं तोवर पोर्टलने बाहेर काढलं होतं. पुन्हा आत गेलो तर टोकन सापडेना, कारण हब झोपेतून उठला नव्हता. हब काढून घातला तर माऊस गेला. शेवटी नंबरपॅडला रजा दिली, टोकन थेट भोकात खुपसलं आणि पावणेनऊला सही झाली. उशिराचे दिवसाला ५० रुपये वाचले. शेठने चहा मागवला. डिलीटचा मोह सोडून चूक असेल तिथे पुढे जाऊन बॅकस्पेसने मागे येत खोडायची सवय मी त्याच दिवशी लावून घेतली. तुम्ही पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

रॅम आठ जीबीची एकच पट्टी, शेजारचा खण रिकामा. त्या आठातलीच थोडी पडदा रंगवायला जाते, आणि एकाच पट्टीमुळे ये-जा करायला रस्ताही एकच राहतो, घोडबंदर रोडसारखा. दुसरी पट्टी घाला, फरक पडतो. हे मात्र मी अगदी सरळ मनाने सांगतोय.

'लष्करी मानकावर तपासलेला' अशी पाटी असेल तर ती घरच्यांना जरूर वाचून दाखवा. अमेरिकी लष्कराचं हे मानक १९६२ पासूनचं आहे. त्यात उष्णता, धूळ, दमटपणा, आपटणं अशा बऱ्याच चाचण्या येतात, पण त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनी स्वतःच ठरवते. आपण शाळेत ऐच्छिक विषय निवडायचो तसं. सकाळी सव्वाआठला ठाणे स्थानकाच्या पुलावर कोपर बसण्याची चाचणी कोणी निवडलेली नसावी. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या यंत्राची उजवी बिजागरी प्लास्टिकसकट उपटून आली. तिथे एम-सील भरलंय. पडदा तेव्हापासून एकाच कोनात राहतो आणि मान आपण हलवायची. डॉक्टरही मानेचे व्यायाम सांगतातच.

वॉरंटी एक वर्षाची, तीही घरपोच. अकराव्या महिन्यात माझा मदरबोर्ड गेला. किती वेळेवर! इंजिनिअरला फोन केला की तो घोडबंदर रोडवर असतो. सोमवारी केला तरी, गुरुवारी केला तरी. गायमुख आणि कापूरबावडी यांच्यामध्ये कुठेतरी त्याचा कायमचा मुक्काम आहे. शेवटी तो आला, पाऊण तासात नवा बोर्ड बसवून सही घेऊन गेला. मी बटण दाबलं, तर निळ्या पडद्यावर यंत्राने माझ्याकडे ४८ आकडी कळ मागितली.

विंडोज ११ तुमची डिस्क परस्पर कुलूपबंद करून ठेवू शकतं, आणि त्या कुलपाचा संबंध मदरबोर्डातल्या चिपशी असतो. बोर्ड बदलला की यंत्र तुम्हालाच चोर समजतं. कळ मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. ते खातं दुकानातल्या मुलाने उघडून दिलेलं असतं, आणि त्याचा पासवर्ड त्या मुलाला आठवत असतो, जो आता त्या दुकानात नसतो. मला तो कळव्याला सापडला. तुम्हाला एवढी पायपीट नको असेल तर आज रात्रीच ती कळ कागदावर उतरवा आणि कागद देव्हाऱ्यात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

एक व्यावसायिक माहिती फुकट देतो. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी किंमत घटल्याची वजावट, मिळतो. पहिल्या वर्षी ३६,०००चे उरतात २१,६००, मग १२,९६०, तिसऱ्याला ७,७७६. ही कागदावरची आकडेमोड. परवा स्टेशनजवळच्या जुन्या मालवाल्याला सहज दाखवला. त्याने तो उलटा केला, एम-सीलवर नख घासलं आणि म्हणाला, "काका, सात देईन." कायदा आणि बाजार इतके जवळ आलेले मी वीस वर्षांच्या धंद्यात पाहिले नव्हते. विकला नाही, अर्थात.

गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी मुलीला घेऊन आले. ती सीएची तयारी करतेय, लॅपटॉप घ्यायचाय, तुमचा अनुभव कसा आहे? असं कोणी विचारलं की जराही अडखळू नका. मी एम-सीलवर अलगद हात ठेवला आणि म्हणालो, तीन वर्षांत एकदाही दगा नाही, डोळे मिटून हाच घ्या. माझ्या चार्जरची वायर पिनेपाशी सोलवटली आहे, नवा अडीच हजारांना पडतो, आणि दुसऱ्या मजल्यावरची मंडळी रात्री साडेअकरापर्यंत जागी असतात.