सातारकर साहेब, तुमच्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

उत्तर कॉमेंटमध्येच देणार होतो, पण लिहिता लिहिता एवढं वाढलं की वेगळंच टाकतोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत महाविकास आघाडी भुईसपाट झाली आणि त्यानंतर पडलेली मंडळी एकेक करून सत्तेच्या बाजूला सरकली. राजापूरचे राजन साळवी फेब्रुवारी २०२५ मध्ये शिंदेंकडे, आमच्या कसब्याचे धंगेकर मार्चमध्ये शिंदेंकडेच, भोरचे संग्राम थोपटे एप्रिलमध्ये भाजपमध्ये, धुळ्याचे कुणाल पाटील जुलैमध्ये भाजपमध्ये. मी लिहिलं होतं की यांना फेसबुकवर शिव्या घालून काही होत नाही, कारण आपण मतदार पक्ष बदलणाऱ्याला फार काळ शिक्षा देत नाही आणि ही गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा जास्त पक्की माहितीय.

त्यावर 'एक सातारकर' या नावाने तुमची कॉमेंट आली. तुमचं म्हणणं असं की मी मतदारावर खापर फोडून नेत्यांना मोकळं सोडलं, २०१९ चा सातारा सोयीस्कर विसरलो, ईडीबद्दल आणि या लोकांना पायघड्या घालणाऱ्या पक्षाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि पक्षांतरबंदी कायदा कडक करा असं म्हणायची माझी हिंमत नाही. इथपर्यंत ठीक होतं. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देतो: "पुण्यात एसीत बसून लिहिणाऱ्याला सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता काय कळणार, का पाकीट पोचलंय?"

आधी साताऱ्याचं. मान्य. लेखात यायला हवं होतं, ते उदाहरण माझ्या म्हणण्याच्या उलट जातं आणि म्हणूनच यायला हवं होतं. उदयनराजे मे २०१९ मध्ये घड्याळावर खासदार झाले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना ८७ हजारांच्या आसपास मतांनी पाडलं. पवारांची पावसातली सभा वगैरे सगळं आलं त्यात. शिक्षा दिली, बरोबर. आता पुढचं पण बघा की. सहा महिन्यांत ते राज्यसभेवर गेले, आणि २०२४ च्या लोकसभेला त्याच साताऱ्याने त्यांना कमळावर निवडून दिलं. आणि त्याहून भारी म्हणजे ज्या दिवशी तुम्ही उदयनराजेंना पाडलं त्याच दिवशी, त्याच सातारा शहरात, राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेले शिवेंद्रराजे आमदार म्हणून निवडून आले! दोन मशीन शेजारी शेजारी, लोकसभेचं वेगळं विधानसभेचं वेगळं. याला तुम्ही पक्षांतराला दिलेली शिक्षा म्हणणार असाल तर म्हणा बापडे.

आता त्या वाक्याकडे येतो. माझ्याकडे एसी नाही, पण ते जाऊ दे. तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठल्या घरातला, काय बघून इथवर आलो यातलं काही तुम्हाला माहिती नाही, तरी 'पुण्यात बसून' असं बिनधास्त लिहून मोकळे होता. ही एक फॅशनच झालीय, मुद्दा पटला नाही की आधी माणूस कुठं बसलाय ते काढायचं. म्हणजे गावात राहणारा जे बोलेल ते अनुभव, आणि शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा बोलला की ते पुस्तकी. पुण्यात जे राहतात त्यातले निम्मे कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून पोट भरायलाच आलेत, आकाशातून नाही पडले.

माझे वडील तालुक्यात काँग्रेसचं काम करायचे. कुठला तालुका ते सांगत नाही कारण ज्या नेत्याबद्दल बोलतोय तो हयात आहे आणि अजून आमच्या घरी लग्नकार्याला येतो. वडिलांना पद म्हणाल तर गावच्या दूध सोसायटीत एकदा संचालक, बाकी काही नाही. सभा असली की आदल्या रात्री सतरंज्या, लाउडस्पीकर, स्टेजवरच्या खुर्च्यांना पांढरी कापडं, आणि सभा संपल्यावर ते सगळं परत मोजून द्यायचं, एक सतरंजी कमी भरली तर खिशातून भरायची. त्यामुळे सतरंजी उचलणं म्हणजे काय हे मला कॉमेंटमधून शिकवू नका, मी तिचं दुसरं टोक धरलेलं आहे.

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत कायम पक्षाला दिलेली, त्यावर ऑइल पेंटचा पंजा. जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी निघाली, आमचा नेता पंधरवडाभर तळ्यात मळ्यात करून पवारांबरोबर गेला, आणि एका दुपारी पेंटर शिडी घेऊन दारात. पंजावर चुन्याचा हात मारला आणि वर घड्याळ काढून गेला. घाईत एकच हात मारलेला, त्यात पावसाळा, प्रचार रंगात आला तोवर चुना धुपून घड्याळाच्या काट्यांमागून पंजाची बोटं दिसायला लागली. लोक थांबून हसायचे. वडिलांनी स्वतः परत चुना लावला, पेंटरला बोलवायला पैसे नव्हते.

आमचे चुलते पंजाबरोबरच राहिले. मतदानाच्या दिवशी बूथबाहेर कुणाचं टेबल किती अंतरावर यावरून या दोन भावांची शाळेच्या गेटसमोर जी झाली ती सगळ्या गावाने बघितली. आणि ऑक्टोबरमध्ये काय झालं? दोन्ही पक्षांनी मिळून सरकार केलं, विलासराव मुख्यमंत्री, भुजबळ उपमुख्यमंत्री. वरचे एका गाडीत बसले, आमच्या वाड्यात मात्र मधल्या दाराला कडी लागली ती कित्येक वर्षं. चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला शेजारच्या पोराच्या हातून आली, मधलं दार उघडलं असतं तर सात पावलं होती.

आता मला सांगा मला कार्यकर्ता कळत नाही.

आणि यातली जी गोष्ट माझ्या लेखाशी संबंधित आहे ती ही, की वडिलांनी त्या नेत्याला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढच्या निवडणुकीला मत त्यालाच. 'माणूस बघायचा, चिन्हाचं काय' असं म्हणायचे. चुलत्यांशी बोलणं बंद, नेत्याशी मात्र सगळं सुरळीत. मी मतदाराबद्दल जे लिहिलं ते कुठल्या सर्व्हेतून नाही उचललं, जेवणाच्या ताटावर ऐकलेलं आहे. तुम्ही म्हणाल मग नेत्याचा काही दोषच नाही का. असेल ना, मी कुठं नाही म्हटलंय, पण मत पदरात पडतंय तोवर तो दोष कोणाला जाचतो?

शिवाय नेता कार्यकर्त्याला वाऱ्यावर सोडून जातो असं जे चित्र तुम्ही रंगवलंय ते अर्धंच आहे. पडल्यानंतर पहिल्यांदा कोण हलतं ते बघा कधीतरी जवळून. झेडपी, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका बऱ्याच ठिकाणी २०२२ पासून रखडलेल्या, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं आणि सगळीकडे पळापळ सुरू झाली. ज्याला गटात उभं राहायचंय त्याला रस्त्याचं काम पाहिजे, त्याला जिल्हा नियोजनचा निधी पाहिजे, आणि तो पालकमंत्र्याच्या सहीशिवाय हलत नाही. मग तो आपल्या पडलेल्या साहेबाकडे जातो, आठ दिवस वाट बघतो, आणि नंतर सांगतो की साहेब तुम्ही काय ते ठरवा, आम्ही चाललो. साहेब पुढे येऊन 'कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर' म्हणतो तेव्हा आपण हसतो, पण दर वेळी ते खोटं नसतं. साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था हे साहेबाचं स्वतःचं दुखणं वेगळंच. म्हणजे निष्ठावंत म्हणून तुम्ही ज्याची कड घेताय तोच काही ठिकाणी नव्या उपरण्याचं माप आधी देऊन आलेला असतो. सगळेच नाही, माहितीय मला, लगेच त्यावर दुसरी कॉमेंट नको.

सरपंचांचं तर विचारूच नका. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढलीच जात नाही, त्यामुळे 'शेकडो सरपंचांसह प्रवेश' अशी बातमी येते तेव्हा कुठल्याच कागदावर काही बदललेलं नसतं, फोटो तेवढा नवीन. तोच सरपंच तीन पक्षांच्या फोटोत असतो.

कायद्याबद्दल. इथं तर मला खरंच कळेना तुम्ही माझा लेख वाचलाय का नुसतं शीर्षक. लेख पडलेल्या लोकांबद्दल होता. पडलेल्या उमेदवाराला कसला पक्षांतरबंदी कायदा लावता? दहावी अनुसूची, म्हणजे हाच कायदा, १९८५ साली आली ती निवडून आलेल्या आमदार-खासदारांसाठी. थोपटे, धंगेकर, साळवी, कुणाल पाटील यांच्यातलं त्या वेळी सभागृहात कोणीच नव्हतं, मग अपात्र काय करणार, मतदार म्हणून? नगरसेवक आणि झेडपी सदस्यांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा वेगळा कायदा आहे, तो पण निवडून आलेल्यांनाच.

आणि जिथं तो लागू आहे तिथं कडक करून काय झालं तेही बघू. आधी एक तृतीयांश फुटले की फूट म्हणून चालायचं, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढलं, आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. कडक झालं की. परिणाम? आता किरकोळ फुटत नाहीत, घाऊक फुटतात. शेजारी गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी एकदम भाजपमध्ये उडी मारली, सगळ्यांत पुढे विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर स्वतः. हायकोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथंही ते पात्रच ठरले. त्याच्या आधीच, २०२२ च्या निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसने नव्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रॉसपाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा दिल्या. ११ निवडून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातले ८ भाजपमध्ये. आठच का, तर ११ चे दोन तृतीयांश म्हणजे सातच्या थोडं वर, म्हणून आठ. एकाने जास्त नाही, कमी नाही. त्या आठांतले दिगंबर कामत तर म्हणाले की मी परत देवळात जाऊन देवाला विचारून आलो. देवाचीच परवानगी असल्यावर तुमचा कायदा काय करणार?

हो, कवळेकर २०२२ ला केपेमधून पडले, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगतो. शिक्षा कधीच होत नाही असं माझं म्हणणं नव्हतं. 'फार काळ' असे शब्द होते, ते तुम्ही गाळले. आपल्याकडे शिंदेंबरोबर २०२२ मध्ये चाळीस गेले, पन्नास खोक्यांच्या घोषणा गल्लीबोळातल्या पोरांना पाठ होत्या, आणि २०२४ ला त्यांचे ५७ निवडून आले. अजितदादांचे ४१. याच्यावर तुमच्या कॉमेंटमध्ये एक ओळ नाही.

ईडी आणि वॉशिंग मशीन यावर लिहिलं नाही, बरोबर, नाही लिहिलं. त्यावर रोज शंभर लोक लिहितात, माझी भर पडून काय होणार. घेणाऱ्या पक्षाचंही तसंच, तो वेगळा विषय आहे आणि एका लेखात सगळं जग बसत नाही. काँग्रेसमधून भाजपमध्ये गेलेल्या हर्षवर्धन पाटलांचं 'चौकशी नाही, शांत झोप लागते' हे भाषण सगळ्यांनी ऐकलंय, नंतर ते भाजप सोडून शरद पवारांकडे गेले आणि इंदापूरला परत पडले हेही सगळ्यांना माहितीय. पुढं.

राहिलं पाकीट. हे वाक्य तुम्ही रात्री रागात टाइप केलं असेल असं समजून मी दोन दिवस थांबलो. या ब्लॉगवर एक जाहिरात नाही, डोमेनचे पैसे दरवर्षी मी भरतो, आणि याच ब्लॉगवर जुलै २०२३ मध्ये अजितदादांच्या शपथविधीवर लिहिलं तेव्हा याच कॉमेंटबॉक्सात मला 'शरद पवारांचा पगारी' म्हणणारेही येऊन गेलेत, म्हणजे त्या हिशोबाने दोन्हीकडून पाकीट चालू असायला पाहिजे, बायको तरी खुश झाली असती. मतभेद असू द्या, माझं काही म्हणणं नाही, साताऱ्यासारखं उदाहरण द्या, मी मान्य करतो, वर केलंय. तुमची कॉमेंट मी उडवलेली नाही आणि उडवणारही नाही, अख्खी तिथंच आहे. तेवढा पाकीटवाला भाग तुम्ही स्वतः काढला तर बरं, एडिटचं बटण खाली उजवीकडे असतं.