पंखा थांबलेला, इंजिन चालू
लेखात ‘पंख्याची विमानं म्हणजे जुनाट तंत्र’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. एटीआर-७२ या छोट्या प्रवासी विमानाचा पंखा फिरवतं ते जेटसारखं टर्बाइनच, मधे फक्त गिअरबॉक्स. मागे सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर अशाच विमानात बसलो तर उजवं इंजिन किंचाळतंय अन् पंखा ढिम्म! शेजारचे काका घाबरले, "बिघडलंय का ओ?" भाचा एटीआरच उडवतो, त्याला फोन लावला. म्हणाला, मामा, हा हॉटेल मोड. पंख्याला ब्रेक लावून इंजिन नुसतं वीज न् गार हवेसाठी चालवायचं. ब्रेक फक्त उजव्यालाच. कारण आपण चढतो डावीकडून. मागून जोराचा वारा असला तर हा मोड वापरायचा नाही. आपल्या ४२ डिग्रीत इंजिन सुरू करताना मात्र त्याची नजर टर्बाइनच्या तापमानाच्या आकड्यावरून हलत नाही म्हणे.