640 यार्डांवरचा बुल आणि आमची चूक

नमस्कार दादा,

कोलोरॅडोतल्या आमच्या शिकार-सहलीला तुम्ही दोन तारे देऊन लिहिलेलं मी सावकाश, दोनदा वाचलं. तुमची तक्रार अशी: चार दिवसांच्या एल्क (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) शिकारीत तीन दिवस एकाच धारेवर बसवून ठेवलं, तिसऱ्या संध्याकाळी समोरच्या उतारावर मोठा बुल, म्हणजे नर एल्क, आला, तर 640 यार्ड अंतर म्हणून आमच्या गाईडने गोळी झाडू दिली नाही, आणि आमच्या जाहिरातीत तीस-तीस एल्कचे कळप दिसतात, ते तुम्हाला कुठेच दिसले नाहीत.

फोटोंबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ते ऑगस्टमधले, उंचावरच्या गवताळ माळांवरचे आहेत. तुम्ही आलात नोव्हेंबरमध्ये, रायफलने शिकार करायच्या तिसऱ्या हंगामात. तोवर बर्फ पडायला लागतो, बुल माजानंतर थकून एकेकटे फरच्या झाडांच्या दाट रानात शिरतात. हे आम्हाला माहीत होतं आणि तरी फोटोखाली महिना लिहिला नव्हता. फोटो काल काढून टाकले.

आता जागेबद्दल. मीकर गावाच्या पूर्वेची ही धार आम्ही नुसत्या नकाशावरून निवडलेली नाही. ऑगस्टमध्ये मी आणि गाईड तिथे अकरा दिवस दुर्बिणी लावून बसलो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा खुरांचे माग, लेंड्या आणि अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या सोललेल्या साली बघत फिरलो. ड्रोन का नाही वापरत, असं तुम्ही विचारलंत. ड्रोनने एल्क शोधणं कोलोरॅडोत बेकायदेशीर आहे. बसायची जागा ठरते ती वाऱ्यावर. ऊन लागेपर्यंत थंड हवा घळीतून खाली उतरते, उतार तापला की वर चढते, संध्याकाळी पुन्हा उलटते. दोन्ही वेळा आपला वास समोरच्या उतारावर जाणार नाही अशा जागा त्या भागात आम्हाला दोनच सापडल्या.

तिथे पोटावर झोपता येईल एवढी जागा आम्ही दगड वेचून सपाट केली. समोरचा वाळका फर 310, पांढरा खडक 455, ओली घळ 520 अशी अंतरं मोजून हाताने काढलेला नकाशा तुमच्या हातात दिला होता. घळीच्या अलीकडे-पलीकडे काठ्यांना नारिंगी फिती बांधल्या होत्या. तुमचा बुल आला तेव्हा आपल्याजवळची फीत लोंबत होती आणि घळीपलीकडची आडवी फडफडत होती. गाईडने "थांबा" म्हटलं ते हे बघून.

ताशी दहा मैलांचा आडवा वारा 600 यार्डांवर गोळीला दीड-दोन फूट सहज सरकवतो, आणि एल्कच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम सव्वा फूट. गोळी पोचायला पाऊण सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात त्याने एक पाऊल टाकलं तर छातीऐवजी पोटात लागते. तुमची रायफल हजार यार्ड मारते यात मला शंका नाही. पण ती टेक्सासमध्ये, जवळपास समुद्रसपाटीवर जुळवलेली. नऊ हजार फुटांवरच्या विरळ हवेत लांबवर ती वर मारते, म्हणूनच पहिल्या दुपारी आपण लोखंडी पाटीवर सराव केला. शिवाय सूर्य मावळला होता, कायदेशीर वेळ संपायला वीस मिनिटं होती आणि त्या उतारावर पोचायला घळ उतरून-चढून दोन तास. पोटात लागलेला एल्क रात्री रानात शिरला की बहुतेकदा हाती लागत नाही, तडफडून मरतो. तो निर्णय आमचाच आणि तो मी बदलणार नाही. भारतात शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्या अनेकांना मुळात शिकारच पटणार नाही. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण परवाना घेऊन मारायचं तर जनावर जागच्या जागी पडायला हवं, यावर माझी श्रद्धा आहे.

आमची खरी चूक वेगळी. आमची मर्यादा 500 यार्डांची आहे, तीही वारा नीट कळत असेल तरच. हे तुम्हाला धारेवर बसल्यावर समजलं. पैसे भरायच्या आधी लेखी कळायला हवं होतं. दुसऱ्या रात्री सहा इंच बर्फ पडला तेव्हा तिसऱ्या दिवशी तुम्हाला खालच्या सोंडेवर हलवायला हवं होतं. मी "अजून एक दिवस थांबू" म्हणालो. चौथ्या दिवशी खालच्या ओढ्याकाठी ताजे माग बघितले आणि तेव्हाच मला कळून चुकलं.

त्या तिसऱ्या दिवसाचे पैसे या आठवड्यात तुमच्या खात्यात परत येतील. पुढच्या वेळी आलात तर खालच्या सोंडेवरच्या जागेचा नकाशा, अंतरं आणि वाऱ्याच्या नोंदींसकट, महिनाभर आधी पाठवीन. न आलात तरी मागितलात तर पाठवीन.