न सरकणाऱ्या सूचना

परवा दुपारी गॅस सिलिंडर घेऊन आलेले गृहस्थ दारात ताटकळत उभे होते आणि आई त्यांना सांगायचा कोड फोनमध्ये शोधत होती. कोडचा संदेश आलेला होता, परंतु तो सापडेना. मी फोन हातात घेऊन वरची पट्टी खाली ओढली, तेव्हा आधी हवामान दिसले, मग बॅटरी सुरक्षित असल्याची ग्वाही आणि त्याखाली आज आई शून्य पावले चालल्याची नोंद. (आईचा फोन दिवसभर फ्रिजवर असतो, चालते ती आई.) तिन्ही सूचना बोटाने बाजूला सारल्या की अर्ध्यावर जाऊन परत जागेवर येत होत्या. ‘सर्व साफ करा’ दाबले तरी त्या हलल्या नाहीत. कोड पार तळाशी, सवलतींच्या जाहिरातींखाली होता.

अशा चिकट सूचनांना आपण सरसकट शिव्या घालतो, पण त्या मुळात आपल्याच सोयीसाठी आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून अ‍ॅपने आपल्या नकळत मागे चालत राहण्यावर मर्यादा आल्या. ज्याला काम चालूच ठेवायचे आहे, त्याने तशी सूचना समोर लावून ते उघडपणे करावे, असा नियम झाला. गाणी वाजत असताना, नकाशा रस्ता दाखवत असताना किंवा कॉल चालू असताना दिसणारी पट्टी याच नियमाने येते, आणि तिच्याविषयी कोणाचीही तक्रार नसते. मात्र पावले मोजायला फोन खिशात असावा लागतो आणि बॅटरी सांभाळायला अँड्रॉइड स्वतः समर्थ आहे. तरीही ही अ‍ॅप नियमाचा आधार घेऊन दर्शनी जागेवर पाटी ठोकून बसतात, कारण दिवसातून पन्नास वेळा नाव डोळ्यांसमोर येण्यासारखी फुकटची जाहिरात दुसरी नाही.

माझा आक्षेप यावरच्या नेहमीच्या उपायाला आहे. घरातला जाणता मुलगा फोन घेतो, सूचना बंद करतो आणि काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात पाटी उतरते, दुकान चालूच राहते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला सूचना दाखवण्यापूर्वी परवानगी मागावी लागते, हे चांगलेच झाले. पण ती नाकारली तरी मागचे काम थांबतेच असे नाही. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये अशा बहुतेक सूचना फोन अनलॉक असताना बोटाने सारता येतात, आणि तिथेही सारल्याने केवळ सूचना जाते. आपल्यामागे काय चालले आहे हे सांगणारा साक्षीदार आपणच घालवतो आणि नंतर बॅटरी टिकत नाही म्हणून फोनला दोष देतो.

म्हणून प्रथम सूचना दाबून धरावी. ती कोणत्या अ‍ॅपची आहे हे तिथेच कळते, आणि एकाच अ‍ॅपच्या सूचनांचे वेगवेगळे प्रकारही तिथून उघडतात. ही सोयसुद्धा अँड्रॉइड ८ चीच, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. व्यवहाराचे संदेश आणि सवलतींचे संदेश अ‍ॅपने प्रामाणिकपणे वेगळे ठेवले असतील, तर नको तेवढाच प्रकार बंद करता येतो, आणि आपण एकदा बंद केलेला प्रकार अ‍ॅपला स्वतःहून पुन्हा चालू करता येत नाही. दोन्ही एकाच प्रकारात कोंबणारी अ‍ॅपही आहेत, आणि तो निष्काळजीपणा असावा असे मला वाटत नाही. अँड्रॉइड १३ किंवा पुढचे असेल, तर पट्टी पूर्ण खाली ओढल्यावर मागे चालू असलेल्या अ‍ॅपची यादी मिळते आणि अनेकदा तिथेच ‘थांबवा’ हे बटण असते. थांबवूनही जे अ‍ॅप पुन्हा पुन्हा उगवते, ते काढून टाकावे. सेटिंगमध्ये त्याची मनधरणी करत बसू नये.

आईचा फोन अँड्रॉइड १२ वर असल्याने ही यादी तिथे नव्हती. बॅटरीवाले अ‍ॅप मी तिला न विचारताच काढले. पावले मोजणारे काढताना तिने ‘जाऊ दे, तसेही खोटेच बोलते ते’ एवढेच म्हटले. हवामानावर बोट ठेवले, तेव्हा मात्र तिने हात धरला.

“ते राहू दे रे. गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात.”

ती सूचना सायलंट केली आणि ठेवली.