हप्ता थांबला, तरी मूल वाढायचं थांबत नाही

आमच्या गल्लीतल्या एक ताई चार घरी पोळ्या करतात. नवरा कोविडमध्ये गेला, पदरात दोन मुलं. अशा मुलांच्या घराला महिन्याला पैसे देणाऱ्या राज्याच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स. एकेका कागदापायी कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे पैसे कापले. पुढे गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश.

पैसे सुरू झाले आणि काही महिन्यांत बंद पडले. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर, "अनुदान आलेलं नाही." सात महिने हेच. सगळी रक्कम एकदम खात्यात पडली तोवर थोरलीची शिकवणी सुटली होती आणि ताईंच्या कानातले गहाण पडले होते.

योजना मात्र फार मोलाची आहे, हे मी मनापासून सांगते. मुलाला संस्थेत न टाकता आईकडे, आजीकडे, मामाकडे वाढू द्यायचं आणि त्या घराला हात द्यायचा. २०२३ मध्ये राज्याने महिन्याचे ११०० रुपये २२५० केले, तेव्हा ताईंना फोन करून सांगताना माझा आवाज कापत होता.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अशा मुलांना महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात. पण उत्पन्नाची अट बघा. ग्रामीण भागात वर्षाला ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. रोज अडीचशे रुपये कमावणारी विधवा बाई महिन्यात पंचवीस दिवस कामाला गेली की अपात्र! हिशेब कुणी मांडला असेल हो हा?

या मिशनची मंजुरी २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षांची. शेवटच्या वर्षाची केंद्राची तरतूद १५०० कोटी, अख्ख्या देशासाठी, आणि त्यातच बालगृहं, हेल्पलाइन, जिल्हा बाल संरक्षण कक्षांचा खर्च. पुढच्या पाच वर्षांची मंजुरी देताना जुनेच आकडे पुढे ओढू नयेत. उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी महागाईबरोबर वाढायला हवी. हप्त्याचे पैसे जिल्ह्याकडे आगाऊ यायला हवेत. आणि नूतनीकरणाची फाईल टेबलावर पडून असेल, तर निर्णय होईपर्यंत मुलाचे पैसे चालूच राहिले पाहिजेत. उशीर कार्यालयाचा, मग उपास मुलाने का काढायचा?

ताईंच्या नूतनीकरणाचे कागद काल पुन्हा जुळवले. सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. तुमच्या ओळखीत अशी घरं असतील, तर त्यांचा हप्ता कुठल्या महिन्यापर्यंत आलाय, तेवढं जिल्ह्याच्या नावासह खाली लिहा. ती यादी घेऊन मी आमदारांकडे जाणार आहे.