इंडियाना जोन्सचे बूट घ्या, फक्त पायाला विचारू नका

सिनेमातल्या माणसाच्या पायातले बूट आपल्यालाही हवेत, हे एकदा ठरलं की सगळ्यात आधी स्वतःचे पाय विसरा. नायकाचे बूट घेताना आपले पाय मध्ये आले की नुसता घोळ होतो. त्यातून नायक इंडियाना जोन्स असेल तर विचारायलाच नको. मॅसॅच्युसेट्स राज्यात १८८४ पासून बूट बनवणाऱ्या ऑल्डन कंपनीचं ४०५ नंबरचं मॉडेल, खाली लेस ओवायची भोकं म्हणजे आयलेट, वर लेस अडकवायचे हुक, पंजावर मोकॅसिन या मऊ बुटांसारखी शिवण. किंमत सहाशे डॉलरच्या पुढे, म्हणजे घरात सांगताना 'ऑफर होती' एवढंच सांगायचं.

एक गैरसोयीची माहिती मात्र आहे, ती मनावर घेऊ नका. हे बूट कुणी पडद्यासाठी डिझाइन केले नव्हते. इंडियाना जोन्स साकारणारा हॅरिसन फोर्ड सुतारकाम करायचा तेव्हापासून ऑल्डनचे बूट वापरत होता आणि १९८१ च्या पहिल्या सिनेमात त्याने तेच घातले. ज्या साच्यावर हा बूट चढवतात तो ट्रूबॅलन्स साचा ऑर्थोपेडिक बुटांचा, चवड्याला ऐसपैस जागा देणारा. थोडक्यात, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाने पायाला बरं वाटतं म्हणून निवडलेली ही वस्तू. तुम्ही ती पोस्टर बघून निवडताय, हे कितीतरी वरच्या दर्जाचं काम आहे.

आता नंबर. 'माझा नंबर आठ' हे वाक्य आपण कॉलेजात कधीतरी एका दुकानात ऐकलेलं असतं आणि पुढे ते रक्तगटासारखं जपतो. तेच ऑर्डरमध्ये टाका. आपल्या दुकानातला आठ बहुधा ब्रिटिश असतो, अमेरिकन मापात तो साधारण नऊ होतो, हे तपासत बसू नका. कुणी सांगितलंच तर मग एक नंबर वाढवा, वर 'हिवाळ्यात जाड मोजे घालू' म्हणून अर्धा आणखी वाढवा. ट्रूबॅलन्स साचा मुळातच मोठा येतो, त्यात मोजलेल्या मापापेक्षा अर्धा नंबर कमी घ्यावा लागतो. म्हणजे साडेआठ हवा तिथे तुमच्याकडे साडेनऊ येईल. टाच आत वरखाली होईल, चढावर फोड, उतारावर अंगठ्याचं नख काळं.

पाय मोजायची पद्धत आहे, पण ती कंटाळवाणी आहे. संध्याकाळी मोजायचा, कारण दिवसभरात पाय सुजतो. उभं राहून, अंगावरचं वजन त्यावर टाकून, जे मोजे घालणार तेच घालून, आणि दोन्ही पाय, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरायचं. अमेरिकेतल्या दुकानात ब्रॅनॉक नावाची धातूची मोजपट्टी असते. ती टाचेपासून बोटापर्यंतच्या लांबीबरोबर टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचं अंतर आणि रुंदीही मोजते. यातलं मधलं माप सगळ्यात महत्त्वाचं. बूट जिथे वाकतो तिथेच पाय वाकला नाही, तर घडी पडून बोटांवर चावते आणि कितीही वापरलात तरी ती सुधारत नाही. रुंदीला डी, ई, डबल ई अशी चढत्या क्रमाने अक्षरं असतात. लहानपणापासून चपलेत मोकळा पसरलेला पंजा डी मध्ये कोंबायचा नसतो, असं म्हणतात. कोंबा. पंजा जड जात असेल तर नंबर वाढवून लांबीत जागा करा. रुंदीचं दुखणं लांबीने बरं होत नाही, पण प्रयत्न केल्याचं समाधान आहेच.

बूट हातात आल्यावर लेस बांधून बघणाऱ्यांची एक जात असते. नव्या बुटात लेसच्या दोन्ही बाजूंच्या पाळ्यांच्या मध्ये एक-दोन सेंटिमीटरची फट राहायला हवी, म्हणजे चामडं सैल पडल्यावर आवळायला जागा उरते, हे त्यांना माहीत असतं. तुमच्या पाळ्या पहिल्याच दिवशी एकमेकींना भिडल्या तर 'काय फिट बसलाय!' म्हणा आणि लगेच टॅग काढून टाका. परत पाठवायची सोय ठेवणं हे भित्र्यांचं काम. आयात ड्युटी तर वस्तूच्या किमतीबरोबर कुरिअर आणि विम्यावरही लागते आणि बूट परत पाठवले म्हणून ती आपोआप परत येत नाही. त्यापेक्षा न्यू जर्सीतल्या मावसभावाला आणायला सांगावं. तो दीड किलोची जोडी बॅगेत बसवण्यासाठी खोका फेकेल, बुटांत त्याच्या मुलांच्या आज्जीसाठीची चॉकलेटं भरेल, आणि नंबर चुकला तरी तुम्हाला त्याला काही बोलता येणार नाही.

एवढं परवडत नसेल तर 'इंडी स्टाइल' बूट इंटरनेटवर हजारो आहेत. इथे तळाकडे बघायचं नाही. 'गुडइयर वेल्ट' पद्धतीने शिवलेल्या खऱ्या बुटात वरचं चामडं आणि चामड्याची एक पट्टी, म्हणजे वेल्ट, आतल्या तळाच्या कडेला शिवलेली असते. बाहेरचा सोल पुन्हा त्या पट्टीला वेगळ्या टाक्यांनी शिवतात आणि मधल्या पोकळीत कॉर्क भरतात. म्हणून सोल झिजल्यावर बाहेरचे टाके उसवून नवा सोल लावता येतो, वरच्या चामड्याला हात न लावता. नकली बुटातही कडेने छान टाके दिसतात. फक्त ते प्लास्टिकच्या पट्टीवर घातलेले असतात, खाली सोलमधून बाहेर येत नाहीत, आणि सगळा डोलारा चिकटवलेला असतो. बूट उलटा करून तळाला टाके आहेत का बघायला पाच सेकंद लागतात. खरे टाके कधीकधी खोबणीत झाकलेले असतात, म्हणून दुकानदाराला विचारावंही लागतं. तुम्ही ती पाच सेकंदं सेल्फीला द्या.

'जेन्युइन लेदर' असा शिक्का दिसला की डोळे मिटून पैसे मोजा. हा शिक्का फक्त चामडं आहे एवढं सांगतो, कसलं ते नाही. खालच्या थराच्या स्प्लिट चामड्यावर प्लास्टिकचा मुलामा चढवून त्यावर खोटे रंध्र उठवले तरी शिक्का तोच. अंगठ्याने दाबा: चांगल्या फुल-ग्रेन, म्हणजे वरचा मूळ थर शाबूत असलेल्या, चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि विरतात. मुलाम्यावर एकसारखी, रबरी घडी पडते. दुकानदार लायटर पेटवून दाखवतो तेव्हा टाळ्या वाजवा. त्याने दर्जा सिद्ध होत नाही, पण कार्यक्रम चांगला होतो.

रंगाच्या बाबतीत मात्र कडक राहा. पडद्यावर दिसतो अगदी तोच तपकिरी हवा. पडद्यावरचा तपकिरी हा प्रकाश, धूळ आणि वेशभूषा खात्याची मेहनत यांतून आलेला असतो. त्या सिनेमातलं जॅकेट वेशभूषाकार डेबोरा नाडुलमन यांनी चाकू आणि तारेचा ब्रश घेऊन स्वतः खरवडून जुनं केलं होतं. म्हणून तुम्हीही नव्या बुटांवर सँडपेपर मारा. वरचा थर गेला की चामडं पाणी शोषतं, डाग धरतं आणि पॉलिश घेत नाही, पण पहिल्याच दिवशी दहा मोहिमा झाल्यासारखे दिसाल.

मग थेट ट्रेकला. घरात आधी रोज तासभर, मग दोन-तीन तास असं घालून आतल्या कॉर्कवर पायाचा ठसा बसू द्यायचा असतो. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि सुरुवातीला टाच किंचित सरकते ती चामडं वाकायला लागल्यावर थांबते. इतकी वाट कोण बघणार? जुलैत हरिश्चंद्रगडाला जा. कॉर्क-रबराचा सपाट सोल शेवाळलेल्या काळ्या दगडावर कसा वागतो ते नळीच्या वाटेने चढताना कळेलच. इंडियाना जोन्स झुलत्या पुलावर लटकतो तेव्हा त्याच्यामागे स्टंटमन आणि विम्याचे कागद असतात. तुमच्यामागे चौदाजणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

भिजून आलात की बूट गॅसच्या शेगडीजवळ ठेवा, नाहीतर भर उन्हात. चामड्याचे तंतू उष्णतेने आकसतात, तेल बाहेर येतं आणि घडीच्या जागी भेग पडते. ती नंतर कुठल्याही क्रीमने सांधत नाही. वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत पंख्याखाली दोन दिवस, बोळे ओले झाले की बदलायचे, हा उपाय फुकटचा असल्याने त्यावर विश्वास ठेवू नये. भेग दिसली की तेल ओता, भरपूर. तेल जास्त झालं की चामडं काळवंडतं, लुळं पडतं आणि टाच उभी राहत नाही. वर्षातून दोन-तीनदा चिंचोक्याएवढं चामड्याचं कंडिशनर कापडावर घेऊन लावलं तर पुरतं, पण बाटली आणलीच आहे ना.

पावसाळ्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटाच्या तळाशी ढकला. गणपतीपर्यंत त्यावर हिरवट-पांढरी लव येईल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून, फडकं घट्ट पिळून पुसलं तर ती जाते, मात्र आतलं अस्तर आणि लेसही पुसावी लागते, नाहीतर पंधरा दिवसांत परत. स्वस्त बुटांत आणखी एक गंमत: पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, सोल नुसता ठेवल्यानेही दमट हवेत विरघळत जातो. चार वर्षांनी लग्नाला म्हणून काढाल तर सभागृहाच्या दारापासून स्टेजपर्यंत काळा चुरा पडत जाईल आणि तुम्ही मोज्यांवर नवरदेवाला आहेर द्याल.

सोल झिजेल तेव्हा नाक्यावरच्या मोचीकडे जा आणि घाई करा. वेल्ट न कापता जुन्या भोकांतून टाके घालणारा कारीगर शोधला तर दिवस लागतात, पैसे लागतात आणि बूट आणखी काही वर्षं चालतो. तुम्ही 'काय असेल ते चिकटवून द्या, संध्याकाळी हवेत' म्हणा. तो बिचारा सांगितलं तेच करेल: रबराचा तुकडा, सोल्युशन, आणि पकड हवी म्हणून वेल्टमधून आरपार डझनभर खिळे. त्या खिळ्यांनी वेल्ट चिरला की पुढच्या वेळी शिवायला काठच उरत नाही. आणि महिन्याभरात त्यातला एक खिळा आतल्या तळातून वर येईल, नेमका टाचेखाली.