११२ पायऱ्या आधी सांगायला हव्या होत्या

नमस्कार,

एप्रिलमध्ये तुम्ही सासूबाई आणि मुलांना घेऊन पाच रात्री आमच्याकडे राहिलात आणि परत गेल्यावर दोन स्टार देऊन मराठीत सविस्तर रिव्ह्यू लिहिलात. म्हणून उत्तरही मराठीतच देते आहे. नवऱ्याला कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसला, शिकवायची नोकरी लागली म्हणून २००५ मध्ये मी ग्रेनाडात आले, तेव्हापासून इथेच आहे. पाहुण्यांना राहायला देतो त्या आमच्या घरांबद्दल मराठीत लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं, आणि त्यात तक्रारच असावी याचं फार वाईट वाटलं.

आधी पायऱ्यांचं. ‘समुद्राला लागून आहे म्हणून बुक केलं, समुद्र ११२ पायऱ्या खाली निघाला’ असं तुम्ही लिहिलंय. मोजणी बरोबर आहे. आमचा मुख्य फोटो होडीतून काढलेला आहे. पाण्यावरून पाहिलं की पिवळी, निळी, गुलाबी घरं एकावर एक रचल्यासारखी दिसतात आणि मधला चढ दिसतच नाही. मी कोकणातल्या हर्णैच्या बाजूची, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट चढत-उतरतच वाढले. हा चढ कुणाला झेपणार नाही हे माझ्या मनातच आलं नव्हतं. ते यायला हवं होतं.

‘आई चार दिवस गॅलरीत बसून वरूनच समुद्र बघत राहिल्या’ हे तुमचं वाक्य मी कितीदा तरी वाचलं. घरांच्या मागून एक कच्चा रस्ता थेट वाळूपर्यंत जातो. मासे आणि बर्फ आणायला आमची पिकअप रोज तिथून ये-जा करते. सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ पुढच्या सीटवर बसवून सहज नेता आलं असतं. तो रस्ता तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. विचारायचं काम आमचं होतं, आणि त्यातही माझं, कारण पहिल्या दिवशी हात धरून त्यांना खोलीपर्यंत मीच नेलं होतं. त्यांचे गुडघे किती दुखतायत हे मला दिसलं होतं. याची मी तुमची आणि त्यांची मनापासून माफी मागते.

बुकिंगच्या पानावर आता पायऱ्यांची संख्या पहिल्याच ओळीत आहे, वरून खाली काढलेला फोटो आहे आणि पिकअपचीही माहिती आहे.

दुसऱ्या संध्याकाळी नळ कोरडे पडले, तेही आमच्याकडूनच झालं. इथे जानेवारी ते मे कोरडा हंगाम असतो आणि छपरांवरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी जपून वापरावं लागतं, हे खरं. पण त्या दिवशी टाकीत पाणी होतं, पंप बंद पडला होता आणि दुसरा पंप आम्ही ठेवलेला नव्हता. आता ठेवला आहे.

किनाऱ्यावरच्या वासाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. तो सांडपाण्याचा नव्हता. सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ २०११ पासून अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात कॅरिबियनकडे वाहून येतं आणि वाळूवर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आम्ही सेंट डेव्हिडमध्ये, बेटाच्या आग्नेय अंगाला आहोत, वारा आणि लाटा सरळ समुद्रावरून येतात. आमची माणसं पहाटे दाताळ्याने ते ओढतात, कारण यंत्र लावलं तर शेवाळासोबत वाळूही जाते. ज्या दिवशी ते फार असतं त्या दिवशी पाहुण्यांना पश्चिमेकडे ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर नेऊन सोडता येतं. तुम्हाला कुणी ते सुचवलं नाही. पुन्हा तीच चूक.

त्याच वाऱ्यामुळे खोल्यांना एसीऐवजी झडपांच्या खिडक्या आहेत. त्या मी बदलणार नाही. आणि रात्रभर शिट्ट्या वाजवणारे बेडूक डबकं साफ करून जाणार नाहीत. अंगठ्याच्या पेराएवढा हा बेडूक अंडी ओलसर पालापाचोळ्यात घालतो, त्यातून थेट छोटे बेडूकच बाहेर पडतात, त्याला डबकं लागतच नाही. झोपमोड झाली याचं वाईट वाटतं, पण त्यांच्यावर औषध मारणार नाही.

माशाच्या थाळीचे ६० डॉलर हे पूर्व कॅरिबियन डॉलर होते. एका अमेरिकन डॉलरला असे २.७० मिळतात, १९७६ पासून हाच दर आहे, म्हणजे थाळी साधारण २२ अमेरिकन डॉलरची झाली. मेन्यूवर नुसतं डॉलरचं चिन्ह होतं, गैरसमज होणारच. आता दोन्ही किमती छापल्या आहेत.

‘मालकीण मराठी असून एकही आपला पदार्थ नाही’ असंही तुम्ही म्हणता. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलेलं ते हिरवं सूप आठवतं का? त्याला इथे कॅलालू म्हणतात. नारळाच्या दुधात शिजवलेलं ते आपलं अळू. रांधणाऱ्या बाईंचे पूर्वज भारतातून आलेले मजूर, अशा मजुरांचं पहिलं जहाज ‘मेडस्टोन’ १ मे १८५७ ला या बेटाला लागलं. त्यांना मराठी येत नाही, पण सासूबाई ताट पुसून जेवल्या हे त्यांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं होतं.

तुमच्या मुलाची लष्करी नक्षीची टोपी काढायला लावली तो अपमान नव्हता. असे कॅमोफ्लाज कपडे घालायला इथे कायद्याने बंदी आहे, पाहुण्यांनाही. पोलिसांनी हटकण्याआधी आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने सांगितलं, हे बरंच झालं. खोलीत ही सूचना आधीपासून लावलेली असती तर चारचौघांत सांगायची वेळ आली नसती, एवढं मान्य.

आता ‘नोकर आळशी आहेत’ या वाक्याबद्दल. बाकी सगळं मी मान्य करेन, हे नाही. नाश्ता देणारी मुलगी कारियाकूची, म्हणजे ग्रेनाडाच्याच एका छोट्या बेटाची आहे. १ जुलै २०२४ च्या बेरिल वादळात तिच्या आईच्या घराचं छप्पर उडालं, आणि ते नवं घालायला ती आमच्याकडे कामाला लागली. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिची कामाची पाळी पहाटे साडेपाचला सुरू होते. तुमच्या चारही बॅगा त्या पायऱ्या चढवून वर आणणारा मुलगा तिचा भाऊ. इथे कुणाशीही बोलताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, मग काम सांगतात. तुम्ही घाईत थेट ऑर्डर दिलीत तेव्हा ती क्षणभर थांबली, ती तुमच्या ‘गुड मॉर्निंग’ची वाट पाहत. ही रीत मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. माझ्यावर रागवा, पण रिव्ह्यूमधला तेवढा शब्द काढता आला तर पाहा. स्टार दोनच राहू द्यात.

दोन रात्रींचे पैसे सोमवारी तुमच्या कार्डावर परत पाठवले आहेत. आठवड्याभरात दिसले नाहीत तर बुकिंगच्या ईमेलवर कळवा, मी स्वतः बघेन. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पाखाडीवरून काढलेले त्यांचे दोन फोटो माझ्याकडे राहिले आहेत, तेही त्याच ईमेलवर पाठवते.

— मालकीण